दोन पदरांचा चेहरा

दादा, तू गेल्याला आज एकवीस दिवस झाले. दहाव्याला घोडनदीच्या काठावर आणि तेराव्याला मांडवात लोक तुझ्याविषयी भरभरून बोलले. कुणाच्या गावात तू कुणाचा पुतळा केलास, मिशी कशी हुबेहूब उतरवलीस, फेट्याचा पीळ बरोबर यावा म्हणून म्हाताऱ्याच्या मुलाला चार वेळा फेटा बांधायला कसा लावलास. सगळं खरं होतं. मी मागं बसून ऐकत होते. मला मात्र तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहून गेली. शेवटचे सात महिने दर रविवारी मी दौंडहून एसटीनं शिरूरला येत होते, आणि दर रविवारी आज सांगायचंच असं ठरवून निघत होते. गोष्ट आईच्या चेहऱ्याची आहे.

आई काविळीनं गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि मी साडेतीन. आण्णा रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळावर, संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर गप्प. त्यांनी आईचं नाव पुन्हा घेतलं नाही. माझी वेणी तू घालायचास. एका बाजूला घट्ट, एका बाजूला ढिली, अशी तिरकी वेणी घेऊन मी रेल्वेच्या शाळेत गेले आणि पोरी हसल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी तू शेजारच्या काकूंच्या दारात उभा राहून, त्या त्यांच्या मुलीची वेणी कशी घालतात ते बघून आलास. बारा-तेरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या दारात वेणी शिकायला उभा राहतो, याची किंमत मला पार तिशी उलटल्यावर कळली. तेव्हा मी फक्त म्हणाले होते, "दुखतंय."

आईचा फोटो नाही. म्हणजे एक आहे. तू तान्हा असताना शिरूरच्या बाजारात काढलेला. तू मांडीवर, अंगात झबलं, डोक्यावर टोपडं. फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि नेमकी त्याच वेळी आई तुझं टोपडं सरळ करायला खाली वाकली. फोटोत तिचा पदर दिसतो, भांग दिसतो, टोपड्यावरचा हात आणि हातातल्या चार बांगड्या दिसतात. चेहरा नाही. लहानपणी मी तो फोटो खालून बघायचे. कागद वर धरून खालून वाकून बघितलं तर चेहरा दिसेल असं मला वाटायचं. तू एकदा मला तसं बघताना पाहिलंस. त्यानंतर तो फोटो तुझ्या पेटीत गेला.

आण्णांनी तुला रेल्वेत चिकटवायचं ठरवलं होतं. तू शिरूरला मूर्तीच्या कारखान्यात गेलास. गणपती, मग देवीचे मुखवटे, मग अर्धपुतळे. नव्वदच्या पुढं गावोगावी पुतळ्यांची हौस आली आणि तुझं नाव झालं. बाकीचं लोकांनी सांगितलंच. त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं, ते हे की चार वेळा तू आईचा चेहरा मातीत करायला घेतलास आणि चारही वेळा मोडलास. चौथ्या वेळी मी तिथं होते. तू गालाचं हाड नीट करायला घेतलंस, ते जमलं, आणि बघतो तर कपाळ गेलेलं. तसं कपाळ परत येईना. तू म्हणालास, "शोभे, मातीला मागचं काय ठाव नसतं. शेवटी फिरलेला अंगठाच तेवढा राहतो." आणि दोन्ही हातांनी तो गोळा दाबून सपाट केलास.

माझ्या कामावरनं आपण वर्षानुवर्षं भांडलो. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, मग पुण्यात ॲनिमेशन शिकले, आणि दौंडच्या गाडीनं ये-जा करत एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर शिल्पं करायला लागले. परदेशातल्या खेळांसाठी राक्षस, सैनिक, शिंगांचे बैल. हातात पेन, समोर पडदा, पडद्यावर राखाडी गोळा. पेन फिरवलं की गोळा फुगतो, दाबलं की खड्डा पडतो. तुला मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तू दोन मिनिटं बघितलंस आणि विचारलंस, "चुकलं तर?"

"मागं घ्यायचं. दोन बटणं दाबायची."

"चूक अशी मागं घेता आली तर हाताला अक्कल कवा यायची?"

मला राग आला होता. तुझी माती म्हणजे कला आणि माझं ते खेळणं, असं तुला म्हणायचंय असं मला वाटलं. दिवाळीला आले की तू विचारायचास, "काय गं, हवेतली माती काय म्हणती?" आणि मी तुझ्या फायबरच्या पुतळ्यांबद्दल बोलायचे. सगळ्यांच्या मिशा सारख्याच दिसतात, असं मी एकदा बोलले. ते लागलं तुला. त्यावर मी माफी मागितली नाही.

मग त्याच फायबरनं तुला खाल्लं. पुतळा साच्यातून निघाला की घासायचा, घासताना जी बारीक भुकटी उडते ती वीस वर्षं तू तोंडाला नुसता रुमाल बांधून आत घेतलीस. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, फुप्फुसं घट्ट झालीत, आता धूळ बंद, कारखाना बंद. माती कालवायलासुद्धा दम पुरेना. वहिनी फोनवर म्हणाल्या, "शोभाताई, माणूस नुसता हाताकडं बघत बसतंय ओ. तुमी या." मी आले तेव्हा तू ओट्यावर बसला होतास आणि तुझे हात मांडीवर उताणे पडले होते. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस.

त्या आठवड्यात स्टुडिओनं बदललेला एक जुना कॉम्प्युटर आणि पेनची पाटी मी स्टँडवरनं रिक्षात घालून तुझ्याकडं आणली. तू हसलास. "आता मला राक्षस करायला लावती का?" पण पेन धरलंस. पहिले दोन रविवार तू त्या पेनला शिव्या दिल्यास. बोटाला काही लागत नाही म्हणालास, ओलं लागत नाही, कोरडं लागत नाही. दुपारी लोडशेडिंग व्हायचं आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं. मग तू वीज जायच्या वेळा खडूनं भिंतीवर लिहून ठेवल्यास.

तिसऱ्या रविवारी मी तुला लेयर दाखवले. मी मुद्दाम काही ठरवून दाखवले नव्हते, रोजच्या कामात वापरतो म्हणून दाखवले. खाली मूळ चेहरा असतो. त्यावर एक लेयर उघडायचा आणि त्यात नाक बदलायचं. ते बदललेलं नाक त्या लेयरमध्येच राहतं, मूळ चेहऱ्याला धक्का लागत नाही. लेयरच्या नावापुढं डोळ्याचं एक चिन्ह असतं, तो डोळा मिटला की जुनं नाक परत, उघडला की नवं. आणि बाजूला एक पट्टी असते. ती शंभरावर ठेवली तर बदल पूर्ण दिसतो, पन्नासावर आणली तर अर्धा, शून्यावर नेली तर नाहीच.

तू माझ्या हातातनं पेन घेतलंस. डोळा मिटलास, उघडलास. पट्टी खाली नेलीस, वर आणलीस. असं कितीतरी वेळ केलंस. मग म्हणालास, "म्हंजी खालचं तसंच राहतं."

"तसंच राहतं."

"चपातीच्या पदरासारखं. एकावर एक, आन् एकमेकाला चिकटत न्हाई."

त्या दिवसापासून तू लेयर म्हणाला नाहीस, पदरच म्हणालास. चहा झाल्यावर तू पेटीतनं तो फोटो काढलास आणि कॉम्प्युटरला टेकवून ठेवलास. आई करायची आहे हे कळायला बोलायची गरज नव्हती.

कपाळ तू एका दिवसात केलंस. अरुंद, मधोमध किंचित दबलेलं. कान केलेस, बुगडीच्या भोकानं वरची पाळ जराशी ओघळलेली. गालाची हाडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. दम लागला की पेन ठेवायचास, खोकला ओसरला की परत. तीस वर्षांपूर्वीचा चेहरा तुझ्या हातात होता, दादा. मी बघत होते. मला तो चेहरा ओळखीचा वाटत नव्हता आणि हे मी तुला सांगू शकत नव्हते.

मग तू तोंडाशी अडलास. तीन रविवार अडलास. ओठ करायचास, डोळा मिटायचास, पुसायचास. शेवटी पेन खाली ठेवून म्हणालास, "मला तिचं शेवटचंच तोंड आठवतंय. वाळल्यालं, पिवळं. त्याच्या आधीचं दिसंनाच." तू खिडकीकडं तोंड केलंस. खोकला नव्हता, तरी तुझी पाठ हलत होती. आणि तसंच पाठमोरं तू विचारलंस, "तुला काय आठवतं का गं?"

मला काही आठवत नव्हतं, दादा. काहीही नाही. ना तोंड, ना आवाज, ना वास. कुणी आईची आठवण विचारली की मी तू सांगितलेलंच सांगत आले. मी म्हणाले, "हो. हसली की डाव्या गालाला खळी पडायची. वरचा ओठ पातळ होता. पुढचे दोन दात जरासे पुढं."

हे सांगायचं राहिलं होतं. ते माझं तोंड होतं. रोज सकाळी गाडी पकडायच्या आधी मी आरशात बघते ते.

का सांगितलं? तुझी पाठ हलत होती म्हणून. आणि दुसरंही एक आहे, ते लिहायला जड जातं. तुझ्याकडं बारा वर्षांची आई होती आणि माझ्याकडं फोटोतला भांग. मला वाटलं, माझ्याकडंही काहीतरी असावं.

तू वळलास तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता की मला शब्द मागं घेता आले नाहीत. "तुला आठवतंय," तू म्हणालास. "मला वाटायचं तुझ्या वाट्याला कायच आलं न्हाई. इतकी वर्सं मला तेच खात हुतं." तू नवा पदर उघडलास आणि त्याला नाव दिलंस 'शोभी'. आधीच्या पदराचं नाव 'मी'. मग मला शेजारी ओढून बसवलंस आणि पेन माझ्या हातात दिलंस. लहानपणी मातीचा बैल करताना धरायचास तसा माझ्या हातावर तुझा हात होता. तो गरम होता आणि फार हलका झाला होता.

खोटं एकदा बोलून थांबता आलं नाही. पुढच्या रविवारी तू वाटच बघत होतास. "अजून काय आठवलं?" मी शनिवारी आरशासमोर उभी राहून ठरवून यायला लागले. भुवया जाड. नाकाचं टोक जरा गोल. दर वेळी तू खूश व्हायचास, वहिनींना हाक मारायचास, "आगं ऐक, शोभीला काय काय आठवतंय." वहिनी म्हणायच्या, तुमी यायला लागल्यापासून हे दोन घास जास्त खातात. मी हे थांबवायचं कसं?

डोळ्यांवरनं आपलं भांडण झालं. तू म्हणत होतास, आईचे डोळे बारीक, आत गेलेले, बाहेरच्या बाजूला उतरते. मी बोलून बसले होते की मोठे. आपण दोघं तावातावानं बोललो. तू म्हणालास, "मी तिच्याबरं रानात जायचो, मला सांगती का?" तेव्हा मला संधी होती. दादा, तुझंच बरोबर, मी लहान होते, मला नीट आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी गप्प बसले. तू माझ्या गप्प बसण्याला रुसवा समजलास. थोड्या वेळानं तूच तुझ्या पदराची पट्टी धरलीस आणि शंभरावरून खाली आणलीस, साठावर. तुझे बारीक डोळे पुसट झाले आणि त्यात माझे डोळे वर आले. "लहान पोराचं ध्यान आपल्यापेक्षा खरं असतं," तू म्हणालास. "मी तवा नुसता हुंदडत हुतो. तू तिच्या कडेवर हुतीस. जवळनं बघितलंस."

मग केंदूरहून मावशी तुला बघायला आली. आईची सख्खी धाकटी बहीण. तिला आपण आधीही विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "चारचौघींसारखी हुती बाबा. लई गोरी न्हाई, लई काळी न्हाई." आता तिला तू धरून खुर्चीत बसवलंस आणि चेहरा पडद्यावर मोठा करून फिरवलास. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. ती पुढं वाकली, मागं झाली.

"ही तर शोभी हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पण तू टाळी मारल्यासारखं मांडीवर थाप मारलीस. "बघ! म्हंजी शोभी आईवर गेली. आपण इतकी वर्सं तिला आण्णांवर गेली म्हणायचो." मावशी बावरून तुझ्याकडं बघत राहिली. मग तुझ्या छातीचा भाता वरखाली होताना तिनं पाहिला आणि म्हणाली, "व्हय बाबा. तशीच हुती." तिनंही तुझ्यासाठीच म्हटलं, हे मला दिसलं. त्या खोलीत दोघी बायका तुझ्याशी खोटं बोलल्या आणि तू आनंदानं दमून उशीला टेकलास.

शेवटच्या रविवारी तुला ऑक्सिजन लावला होता. नळी जरा बाजूला करून तू विचारलंस, "शोभे, खरंच आठवतंय ना तुला?" संशय नव्हता तुझ्या आवाजात. निदान मला तेव्हा तसं वाटलं. मी "हो" म्हणाले. तू डोळे मिटलेस. बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या फलाटावर होते. समोर उभी असलेली पुण्याची गाडी सोडून मी एसटी स्टँडकडं पळाले.

तेराव्यानंतर सगळे गेले आणि मी तुझा कॉम्प्युटर चालू केला. मनात एकच होतं. माझा पदर शून्यावर न्यायचा, तुझा शंभरावर. तोंड अर्धवट असलं तर असू दे, पण कपाळ, कान, ते बारीक उतरते डोळे, तू बघितलेली आई मला एकदा दिसेल. नंतर माझा पदर पुसूनच टाकायचा.

यादीत एकही पदर नव्हता. नुसता चेहरा होता. तू दोन्ही पदर मूळ चेहऱ्यात मिसळून टाकले होतेस. मी तुला हे शिकवलं होतं, काम पूर्ण झालं की असं करतात, मशीन हलकं चालतं. एकदा केलं की परत वेगळं होत नाही, हेही मीच सांगितलं होतं. आधीच्या फाइल शोधल्या. तू प्रत्येक वेळी त्याच नावानं सेव्ह केलं होतंस, जुन्यावर नवं. माझ्या स्टुडिओतल्या मशीनवर एक प्रत सापडली, पहिल्या महिन्यात काही अडलं म्हणून नेलेली. ती उघडली. त्यात कपाळ आहे आणि डावा कान आहे. भुवईखाली काही नाही, राखाडी गोळा आहे.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "जायच्या चार दिस आधी केलं त्यांनी. म्हणले, आता माझं आन् शोभीचं येगळं कशाला ठिवायचं. दोघांची मिळून एकच आई."

तेव्हापासून मी एकच विचार करते. शेकडो माणसांचे चेहरे तू मोजलेस. फोटोवरनं कानाच्या पाळीतला फरक ओळखणारा माणूस तू. मला वेणी घातलीस, माझं तोंड तुझ्यासमोर वाढलं. ते तू ओळखलं नाहीस? ओळखलं असशील तर माझ्यासाठी तू तुझी आई सोडून दिलीस. ओळखलं नसशील तर मी ती तुझ्याकडून काढून घेतली. कुठलं खरं ते आता कळायचं नाही. मावशीला विचारायला गेले असते, पण तिला काय विचारणार? ती आता शपथेवर सांगते की बहीण अशीच दिसायची.

परवाच्या रविवारी मी वहिनींना सगळं सांगायचं ठरवून आले. सांगितलंही. खळीचं, आरशाचं, डोळ्यांचं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडं काळजीनं बघितलं.

"शोभाताई, दुःखानं माणसाला असं वाटतं. तुमी स्वतःला बोल लावून घिऊ नका. किती खूश हुते ओ ते. तुमाला आठवत नसतं तर इतकं बारीक बारीक कुणी सांगतं का?"

मी पुन्हा म्हणाले, वहिनी, मी बनवलं ते. त्यांनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि चहा टाकायला उठल्या. ज्याच्यासमोर कबूल करायचं तो नाही, आणि बाकी कुणाला ते खरं वाटत नाही.

चहा घेऊन त्यांनी मला बाहेरच्या खोलीत नेलं. तुझा मोठा फोटो भिंतीवर लागलाय, तू कारखान्याच्या दारात उभा असलेला. त्याच्या शेजारी त्यांनी आईचा चेहरा लावलाय. स्टँडसमोरच्या दुकानातनं छापून आणला, काच बसवली. हार होता. कपाळावर, तू केलेल्या त्या अरुंद कपाळावर, काचेवरनं कुंकवाचं बोट लावलं होतं. खाली माझे डोळे, माझं नाक, माझं तोंड.

"आल्यासारखं पाया पडा आईच्या," वहिनी म्हणाल्या.

मी पडले.